सातपायरीचा घाट, मागची सीट आणि दोन गाड्या

वाचकाचे पत्र: मी शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. वय ४३, उंची ५ फूट ५ इंच. गेली १२ वर्षे १५० सीसीची मोटारसायकल चालवतो. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून पत्नीने आणि मी मिळून फिरायचे ठरवले आहे. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी ही जवळची ठिकाणे तर आहेतच, पण एकदा तरी मनाली ते लेह गाडीवर जावे अशी दोघांची इच्छा आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आणि केटीएमची ३९० ॲडव्हेंचर या दोन गाड्यांवर येऊन थांबलो आहे. पुण्याचा भाचा म्हणतो की केटीएमच घ्या, तिची ताकद जास्त आणि वजन कमी आहे. शाळेतील सहकारी हिमालयन सुचवतात. दोन्हींचे आकडे पाठ झाले, पण निर्णय होत नाही. रोजचे शाळेत जाणे-येणेही याच गाडीवर होणार आहे. काय करावे?

सर, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात वहिनी फिरण्याच्या बेतात आहेत, पण गाडीच्या निवडीत कुठेच नाहीत. भाच्याचे मत आले, सहकाऱ्यांचे आले, आकडे आले. ज्या मागच्या सीटवर बसून तोरणमाळचा घाट चढणार आहेत आणि पुढे कधीतरी बारालाचा खिंड ओलांडणार आहेत, त्यांचे मत मात्र आलेले नाही. माझ्या उत्तराचा सगळा भर तिथेच आहे. म्हणून निष्कर्ष आधी सांगून टाकतो: तुमच्या परिस्थितीत मी हिमालयन ४५० घेईन, ट्यूबलेस स्पोक (तारांच्या) चाकांची आणि कमी उंचीची सीट बसवून. मात्र पैसे भरण्यापूर्वी एक चाचणी घ्या असे सुचवणार आहे, आणि त्या चाचणीत वहिनी जिला नापास करतील ती गाडी, मग ती कोणतीही असो, घेऊ नका. माझी स्वतःची गाडी जुनी ४११ सीसीची हिमालयन आहे, त्यामुळे माझा कल आधीपासून त्या बाजूला असू शकतो, हेही तुम्हाला माहीत असलेले बरे.

आकडे तुम्हाला पाठ असले तरी इतर वाचकांसाठी एकदा मांडतो. हिमालयन ४५० ही नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. तिचे इंजिन ४५२ सीसीचे, एका सिलिंडरचे आणि कूलंटने थंड होणारे आहे. ८००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४० अश्वशक्ती आणि ५५०० आरपीएमला ४० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा पीळ) ते देते. गाडीचे वजन १९६ किलो आणि टाकी १७ लिटरची. केटीएम ३९० ॲडव्हेंचरची नवी पिढी जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे आली. तिचे इंजिनही एकाच सिलिंडरचे, ३९९ सीसीचे. ८५०० आरपीएमला ४६ अश्वशक्ती, ६५०० आरपीएमला ३९ न्यूटन मीटर टॉर्क, वजन सुमारे १८३ किलो आणि टाकी साडेचौदा लिटरची. दोन्हींना सहा गिअर, दोन्हींचे पुढचे चाक २१ इंचांचे आणि मागचे १७ इंचांचे, आणि दोन्हींच्या सस्पेन्शनचा प्रवास (चाक वर-खाली होण्याचे अंतर) २०० मिलिमीटरच्या आसपास. कागदावर पाहिले तर केटीएम हलकी आणि जोरकस आहे, यात शंका नाही. भाचा चुकीचे बोलत नाही; फक्त तो एकट्याने चालवायच्या गाडीबद्दल बोलतो आहे.

आता त्याच आकड्यांत वहिनींना आणि सामानाला बसवून पाहू. तुम्ही दोघे, दोन बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि पंक्चरचे सामान मिळून १६० किलो धरले, तर हिमालयन ३५६ किलोंची होते आणि केटीएम ३४३ किलोंची. रिकाम्या गाडीत जो १३ किलोंचा फरक सात टक्क्यांच्या जवळ जातो, तो भरलेल्या गाडीत चार टक्क्यांच्या खाली येतो. त्यातही जवळजवळ दोन किलो हे हिमालयनच्या टाकीत मावणाऱ्या जास्तीच्या अडीच लिटर पेट्रोलचे आहेत, आणि ते वजन प्रवासाला निघालेल्या माणसाला नकोसे नसते. सहा अश्वशक्तींचा फरक खरा आहे, पण तो मिळतो इंजिन आठ हजारांच्या वर फिरवल्यावर. टॉर्कच्या बाबतीत दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या, मात्र हिमालयनचा कमाल टॉर्क हजार आरपीएम आधी येतो. शिवाय त्यातला सुमारे ९० टक्के भाग ३००० आरपीएमपासून हाताशी असतो असे कंपनी सांगते, आणि चालवताना ते जाणवतेही.

हा हजार आरपीएमचा फरक तुम्हाला कुठे भेटेल, ते सांगतो. शहाद्याहून तोरणमाळला जाताना सपाटी संपून सातपुडा सुरू झाला की चढ वाढत जातो आणि सातपायरीच्या घाटात एकाखाली एक रचल्यासारखी वळणे दिसू लागतात. गेल्या हिवाळ्यात मी एका मित्राची केटीएम घेऊन, पत्नीला मागे बसवून हा घाट चढलो. एका वळणावर आतली बाजू धरून जीप खाली येत होती, टपावरही माणसे बसलेली होती. मी बाहेरच्या कडेला सरकलो, वेग माणसाच्या चालीइतका झाला, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती. तीन हजारांच्या खाली उतरताच इंजिनाने हिसके द्यायला सुरुवात केली, चेन खडखडली, आणि प्रत्येक हिसक्याला पत्नीचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटू लागले. अर्धा क्लच धरून मी गाडी ओढून नेली. त्यात गाडीचा दोष नव्हता. पहिला गिअर टाकून इंजिन मोकळे फिरू द्यायला हवे होते, आणि रोज ती चालवणाऱ्या माझ्या मित्राचे तसे झालेही नसते. दोन आठवड्यांनी त्याच घाटात हिमालयन ४५० नेली, तेव्हा तशाच एका वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुर न करता चढली. वर यशवंत तलावाच्या काठी उतरल्यावर पत्नीने दोन्ही प्रवासांची तुलना एका वाक्यात केली: "पहिल्या वेळी मी तुम्हाला धरून होते, या वेळी इकडेतिकडे बघत होते."

बारा वर्षे तुम्ही शांत स्वभावाची गाडी चालवली आहे. तुमचा हात कमी आरपीएमला सवयीचा आहे, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ती सवय बदलता येते, तरी मागे माणूस बसवून ती बदलू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि यावर थोडे थांबावे लागेल. तुमची उंची ५ फूट ५ इंच. केटीएमची सीट ८३० मिलिमीटरवर आहे. हिमालयनची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसवता येते, आणि वेगळी मिळणारी कमी उंचीची सीट घेतली तर तीच ८०५ पर्यंत खाली येते. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात, हे विसरू नका. दोनशे मिलिमीटर प्रवासाचे सस्पेन्शन माणूस बसला की साधारण चौथा ते तिसरा हिस्सा दबते, म्हणून शोरूममध्ये उंच वाटलेली गाडी तुम्ही दोघे बसल्यावर बरीच खाली येते. उलट, मागे माणूस बसणार म्हणून मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) घट्ट केला की ती पुन्हा वर जाते. घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवा, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ही लांबी आणि सीटची रुंदी यांवर तुमचा पाय कुठे टेकेल ते ठरते. दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत असा आग्रह नको. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले, किंवा एक तळवा पूर्ण टेकला, तरी पुरते.

हे इतक्या बारकाईने लिहिण्याचे कारण आहे. धडगावकडून मोलगीला जाताना एकदा मी चढावर फोटोसाठी थांबलो. डांबराची कड आणि शेजारची माती यांत वीतभर फरक होता, तो मी पाहिला नाही. डावा पाय टेकायला गेलो तर खाली जमीन नव्हती. शंभर किलोंच्या गाडीत असे झाले असते तर मी सावरलो असतो; दोनशे किलोंची गाडी, मागे पत्नी आणि दोन बॅगा अशा वजनात एकदा कल गेला की हाताने तो थांबत नाही. आम्ही दोघे हळूच आडवे झालो. पत्नीचा घोटा आठ दिवस सुजला होता. तेव्हापासून आमच्यात नियम आहे की मी "थांबतोय" असे मोठ्याने सांगतो, आणि मी दोन्ही पाय टेकून "हो" म्हणेपर्यंत ती हलत नाही. हा नियम तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आडवी झालेली गाडी उचलण्याची रीतही आधीच शिकून घ्या. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवायची, उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधी काढून ठेवायचा, हँडल पूर्ण वळवायचे, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकायचे आणि कंबरेने जोर न लावता पायांनी मागे चालत जायचे. या कामात केटीएमचे १३ किलो कमी वजन खरोखर उपयोगी पडते, तेवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

चाकांबद्दल. तुमची शाळा, शेतांचे रस्ते आणि बांधावरची बाभूळ लक्षात घेतली तर पंक्चर ही आपल्याकडे वर्षातून एकदा घडणारी गोष्ट नाही. वेड्या बाभळीचा काटा टायरात शिरतो आणि मोडून आतच राहतो. मग दोन-तीन दिवस हवा थोडी थोडी कमी होत राहते. ट्यूबलेस टायरमध्ये असा काटा पकडीने ओढून काढून, भोकात रबरी दोरी भरून, लहान पंपाने हवा भरली की २० मिनिटांत पुढे निघता येते. ट्यूब असेल तर चाक उतरवणे, टायर रिमवरून सोडवणे, ट्यूब काढणे आणि ती पुन्हा न चिमटता बसवणे, एवढे सगळे करावे लागते. आणि मागचे चाक उतरवायला भरलेली गाडी उभी करण्याचीच आधी पंचाईत. स्पोकची चाके दगडाच्या मारावर वाकतात पण तडकत नाहीत, म्हणून खडबडीत रस्त्याला ती चांगली. अडचण एवढीच की साध्या स्पोक चाकात ट्यूब लागते. स्पोक चाकांच्या केटीएममध्ये ट्यूबच येते. हिमालयन ४५० ला २०२४ पासून ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आहे, आणि जास्तीचे पैसे कुठे घालायचे असे मला कोणी विचारले तर मी सर्वांत आधी इथे घालायला सांगेन. केटीएमच पसंत पडली आणि पंक्चरची भीती वाटत असेल, तर तिची ३९० ॲडव्हेंचर एक्स ही आवृत्ती अलॉय चाकांची, ट्यूबलेस टायरची आणि पुढे १९ इंची चाकाची आहे. ती किमतीनेही कमी आहे आणि डांबरी रस्त्यावर वळायला चपळ आहे.

उन्हाबद्दल कोणी बोलत नाही, कारण या गाड्यांची चर्चा बहुधा थंड हवेतल्या माणसांची असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. दोन्ही इंजिने कूलंटने थंड होतात, याचा अर्थ इंजिन सुरक्षित राहते; पण इंजिनातली उष्णता कुठेतरी बाहेर पडणारच, आणि गाडी हळू चालत असताना रेडिएटरचा पंखा ती गरम हवा तुमच्या नडग्यांवर आणि मांड्यांवर सोडतो. पळत्या गाडीत हे जाणवत नाही. बाजाराच्या दिवशी शहाद्यातून किंवा चोपड्यातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना जाणवते. मला या बाबतीत दोन गाड्यांमध्ये मोठा फरक वाटला नाही, पण वहिनींच्या पायाला सायलेन्सर किती जवळ येतो आणि साडीचा किंवा ओढणीचा पदर कुठे पोचतो, हे प्रत्यक्ष बसवूनच पाहावे लागेल. साडी गार्ड काढून टाकण्याची जी पद्धत या गाड्यांच्या बाबतीत पडली आहे ती तुम्ही पाळू नका. पावसाळ्यात तिसरी काळजी काळ्या मातीची. शेतरस्त्याची रेगड माती टायरला लपेटून येते आणि मडगार्डखाली साचून चाकच जाम करते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटे जातात ते शोरूममध्ये हात घालून पाहा. रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल वाळण्याआधी साध्या पाण्याने धुवावा, प्रेशरचा फवारा जवळून मारू नये, कारण त्याने पातळ पत्र्याच्या कडा आडव्या होतात आणि हवा जाणे बंद होते.

केटीएमची बाजू जिथे उघडपणे वरचढ आहे ते आता सांगतो, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. तिला ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक सटकू लागताच जोर कमी करणारी यंत्रणा) आहे, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) आहे, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर आहे, आणि तिच्या सस्पेन्शनचे कम्प्रेशन (दबणे) व रिबाउंड (परत उसळणे) तुमच्या वजनाप्रमाणे जुळवता येते. हिमालयनमध्ये यातले काही नाही. तिच्या पुढच्या फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनला) जुळवणी नाही आणि मागे फक्त प्रीलोड बदलता येतो. यातल्या ट्रॅक्शन कंट्रोलचे मोल मी सर्वांत जास्त मानतो. तुमच्या भागात ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावर उसाची पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो. पहिल्या पावसाच्या सरीनंतर अशा रस्त्यावर मागचे चाक सटकणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तिथे ही यंत्रणा नवख्या हाताला वाचवते. धुळ्याहून इंदूरकडे मुंबई–आग्रा महामार्गाने जाताना क्रूझ कंट्रोलमुळे मनगटाला मिळणारी विश्रांतीही खरी. ताकदीबद्दल मात्र एक लक्षात ठेवा: चौपदरी महामार्गावर दुचाकीला वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे, आणि त्या वेगाला दोन्ही गाड्या सारख्याच निवांत असतात. केटीएमचा जास्तीचा जोर जिथे कळतो तो वेग वहिनींना मागे बसवून धरण्याचा नाही. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने शिरपूर, चोपडा, यावल करत पालला जाल, तेव्हा तर ५० चा वेगही पुष्कळ वाटेल. त्या रस्त्यावर लांब प्रवासाचे सस्पेन्शन आणि २१ इंची चाक या दोन्ही गाड्यांच्या समान गुणांचेच आभार मानाल.

लेहचा विचार करताना टाकीचा आकडा महत्त्वाचा होतो. मनालीहून अटल बोगदा ओलांडून लाहौलमध्ये उतरले की केलाँगच्या अलीकडे तांदी येथे पेट्रोल पंप आहे, आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी प्रसिद्ध आहे. लिटरला २८ किलोमीटर मिळाले तर हिमालयनच्या टाकीत सुमारे ४७५ किलोमीटर जातील आणि केटीएमच्या टाकीत सुमारे ४०५. चढ, दोघांचे वजन आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली चाल यांमुळे सरासरी २५ वर आली, तर केटीएमचे पेट्रोल ३६० किलोमीटरच्या आसपास संपते आणि हिमालयनच्या टाकीत अजून दोन लिटरांहून अधिक शिल्लक राहते. केटीएमला पाच लिटरचा कॅन बांधला की काम भागते, पण तो कॅन नेमका जिथे वहिनींची बॅग असायची तिथे येतो. तांगलांग ला ही खिंड ५३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचे प्रमाण सांभाळून घेते, पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. त्यामुळे दोन्ही गाड्यांची शक्ती तिथे बरीच उतरते, आणि ४६ व ४० हा फरकही त्याच प्रमाणात आक्रसतो. अशा वेळी इंजिन किती लवकर टॉर्क देते यावरच चढणे अवलंबून राहते.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. तुमच्या घरापासून कोणत्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते स्वतः जाऊन पाहा. काउंटरवर न थांबता सुट्या भागांच्या खिडकीशी जा आणि या नेमक्या मॉडेलचे क्लच लिव्हर, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर आणि क्लच प्लेट आज कपाटात आहेत का, असे विचारा. "दोन दिवसांत मागवून देतो" हे उत्तर मिळाले तर ते किती वेळा खरे ठरले, हे बाहेर उभ्या असलेल्या गाडीमालकाला विचारा. माझी गाडी एकदा एका साध्या रबरी सीलसाठी सहा आठवडे उभी होती, आणि त्या सहा आठवड्यांत दिवाळीची सगळी सुट्टी गेली. शिक्षकाच्या सुट्ट्या मोजक्या असतात, म्हणून हे तुमच्यासाठी विशेष.

पैशांबद्दलही एकच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींना ४० टक्के जीएसटी लागतो आणि ३५० किंवा त्याखालील गाड्यांना १८ टक्के. त्यामुळे या दोन्ही गाड्या रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांच्या पुढे जातात. अंदाजपत्रकात गाडीची किंमत धरून झाल्यावर दोघांसाठी आयएसआय चिन्हाची चांगली हेल्मेटे, उन्हाळ्यात हवा खेळेल अशी जाळीदार जॅकेटे, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांचे पैसे बाजूला काढा. ते उरत नसतील तर गाडी सहा महिने पुढे ढकला.

आता ती चाचणी. शोरूमची चाचणी दहा मिनिटांची आणि सपाट रस्त्यावरची असते. तिच्यावर निर्णय घेऊ नका. दोन्ही गाड्यांचे मालक शहादा, नंदुरबार, धुळे किंवा शिरपूर भागात नक्की भेटतील, आणि आपल्याकडची माणसे विचारले की गाडी देतातही. मालकाच्या देखत पेट्रोल भरून गाडी अर्धा दिवस मागा. पहिला तास तुम्ही एकटे चालवा. त्यानंतर वहिनींना बसवा, दोन्ही बाजूंना बॅगा बांधा, आणि दुपारी बाराच्या सुमारास निघा. वहिनींना दहा वेळा चढायला आणि उतरायला सांगा. उंच सीट, मध्ये बॅग आणि फूटरेस्टवर उभे राहून पाय पलीकडे टाकणे हे पहिल्या दोन वेळा जमते आणि सातव्या वेळेला गुडघा बोलू लागतो. लेहच्या एका दिवसात हे २० वेळा करावे लागणार आहे. मग बाजारातून चालीच्या वेगाने जा, चढावर थांबून पुन्हा निघा, अरुंद रस्त्यावर पाय न टेकता गाडी वळवून पाहा, आणि शेवटी शाळेच्या खडीच्या रस्त्यावर न्या. घरी आल्यावर तुम्ही काही बोलू नका. वहिनींना विचारा: पाय कुठे भाजले, हाताने धरायला काय मिळाले, पाठ कुठे अवघडली, भीती कुठे वाटली. दुसऱ्या रविवारी दुसऱ्या गाडीवर हेच सगळे, त्याच रस्त्याने. माझा अंदाज हिमालयनच्या बाजूने आहे, पण वहिनी केटीएमवर निर्धास्त बसल्या आणि तुमचा पाय तिच्यावर नीट टेकला, तर माझ्या अंदाजाला चिकटून राहू नका.

गाडी आल्यावर पहिले वर्ष जवळच राहा. प्रकाशाचा तापीकाठ, सारंगखेड्याची यात्रा, उनपदेव, मनुदेवी, मग तोरणमाळ, आणि वर्षअखेरीस चाळीसगावाहून पाटणादेवी, असे टप्पे वाढवत न्या. मनाली–लेहसाठी तुमच्या उन्हाळी सुट्टीचा मेळ बसवावा लागेल, कारण शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि तो रस्ता बर्फ काढून जेमतेम तेव्हाच सुरळीत होत असतो. मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात, तर वितळलेल्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरून वाहताना भेटतील. दुपारी उन्हाने बर्फ वितळून त्यांचे पाणी चढते आणि पहाटे ते सर्वांत कमी असते, म्हणून मुक्कामावरून उजाडताच निघा. अशा ओहोळापाशी वहिनींना उतरू द्या, त्यांनी वरच्या बाजूच्या दगडांवरून पलीकडे जावे आणि तळ कुठे खोल आहे ते हाताने दाखवावे. मग तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, नजर पाण्यावर न ठेवता त्या दिसतात त्या काठावर ठेवून गाडी पार करा. त्यांचे बूट घेताना ते पाण्यात भिजणार आहेत हे दुकानदाराला आठवणीने सांगा.